‘ऑफिस सेफ’ अग्ली स्वेटर: दिवे झकास, गाजर नको तिथे

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असाल तर इथूनच परत जाता येईल. स्वेटरला पाचपैकी दोन तारे. दुकानाच्या सेवेला तीन, तेही पैसे अडकवले तरी भांडले नाहीत म्हणून. ‘ऑफिससाठी योग्य’ अशी जी वेगळी वर्गवारी त्या संकेतस्थळावर आहे, तिला शून्य. दुकानाचं नाव घेत नाही. फक्त असलेच स्वेटर विकणारी दुकानं इथे डझनावारी आहेत आणि सगळ्यांचा माल साधारण एकाच ताग्यातला असतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत डिसेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी ‘अग्ली स्वेटर डे’ असतो. नाताळचा जितका भयाण स्वेटर मिळेल तितका भयाण घालून ऑफिसला यायचं, दुपारी ब्रेकरूममध्ये कुकीज खायच्या, सगळ्यांत वाईट दिसणाऱ्याला बक्षीस. आमचं ऑफिस मध्य न्यू जर्सीत, विम्याचं. दिवसभर दुसऱ्यांच्या फुटलेल्या गाड्या आणि गळक्या छतांचे फोटो बघणाऱ्या माणसांना वर्षातून एकदा एवढी गंमत हवीच. मी तिथल्या ‘फन कमिटी’वर आहे. कमिटीवर कसं घेतलं जातं ते विचारू नका. बैठकीला गैरहजर राहिलात की घेतलं जातं.

तर स्वेटर. चोपन्न डॉलर नव्व्याण्णव सेंट. न्यू जर्सीत कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, तेवढं बरं. डाकखर्च वेगळा. संकेतस्थळावरच्या फोटोत हिरव्या पार्श्वभूमीवर दोन हिममानव, वर चांदण्या, खाली घरांची रांग. चांदण्या आणि हिममानवांची बटणं एलईडीची, लुकलुकणारी. फोटोतल्या मुलीनं दोन्ही हातांत कोकोचा मोठा मग धरलेला, अगदी पोटाशी. आता वाटतं, त्या मगाचा पगार वेगळा दिला असणार.

पार्सल आलं, घालून बघितला, आतल्या शिवणीतली कळ दाबली. आधी चांदण्या लागल्या. मग बटणं. मग, फोटोत जिथे कोकोचा मग होता तिथे, डावीकडच्या हिममानवाचं गाजर लागलं. केशरी. ते नाकावर नव्हतं. उजवीकडचा हिममानव त्याकडे बघून डोळे मोठे करून उभा. आमच्या घरातला चौदा वर्षांचा प्राणी सोफ्यावरून खाली पडला हसून. नवऱ्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाला, “हा घालून तू ऑडिटच्या मीटिंगला बसणार?”

मी सोवळी नाही. नागपूरच्या महालात वाढले, होळीला काय काय ऐकलंय ते इथे लिहिता येणार नाही. माझी तक्रार गाजराबद्दल नाहीच. मी ‘ऑफिस सेफ’ असा चौकोन टिचकवून, त्या चाळणीतून खाली आलेला माल घेतला होता. म्हणून त्यांच्या चॅटवर विचारलं, की बाई गं, यात ऑफिसला चालण्यासारखं काय आहे? उत्तर आलं की आमच्याकडे तीन वर्ग आहेत, ‘फॅमिली’, ‘चीकी’ आणि ‘नॉटी’. पहिले दोन ऑफिसला चालतात, तुमचा ‘चीकी’ आहे. बरं, चीकी कशाला म्हणता? “ज्यावर शिवी लिहिलेली नाही तो.”

म्हणजे छातीवर शिवी नसली की झालं. ही त्यांची व्याख्या समजल्यावर मी ती ऑफिसची वर्गवारी पुन्हा पहिल्या पानापासून चाळली, या वेळी कमिटीच्या डोळ्यांनी. मोठा हॅट आणि झुपकेदार मिशा लावलेला ‘मेक्सिकन’ सांता, हातात बाटली. बायकोच्या वजनावर एक. सासूवर दोन. छातीवर बरोब्बर दोन्हीकडे रेनडिअरची तोंडं, तेही बायकांच्या विभागात. आणि तीन रेनडिअर एकमेकांच्या पाठीवर, ज्याला तुम्ही कोणत्याही वर्षी कोणत्याही ऑफिसात गेलात तरी चुकवू शकत नाही. शिवी एकावरही नाही, हे मात्र खरं.

असल्या मालावरून मोठ्या दुकानांचे हात आधीही पोळलेत. २०१५ मध्ये टार्गेट या मोठ्या अमेरिकी दुकानसाखळीनं ‘ओसीडी’ (तेच तेच विचार आणि कृती करायला लावणारा मानसिक आजार) ही अक्षरं नाताळाच्या वेडाला जोडून एक स्वेटर काढला होता. ज्यांच्या घरात तो आजार खरोखर आहे ते चिडले. टार्गेटनं दिलगिरी व्यक्त केली आणि स्वेटर विकायला तसाच ठेवला. २०१९ च्या डिसेंबरात वॉलमार्ट कॅनडाच्या संकेतस्थळावर एका बाहेरच्या विक्रेत्याचा स्वेटर दिसला: टेबलाशी बसलेला सांता, समोर पांढऱ्या भुकटीच्या, म्हणजे कोकेनच्या, तीन रेघा, आणि बर्फ पडू दे अशा अर्थाची ओळ. वर्णनात दक्षिण अमेरिकेच्या ‘बर्फा’ची तारीफ. वॉलमार्टनं माफी मागून तो काढला, पण तोवर कोलंबियात बातमी पोचली होती आणि तिथल्या सरकारच्या कायदेशीर बचाव संस्थेनं दावा लावू असं जाहीर केलं. त्या भुकटीपायी ज्या देशात माणसं मेली, त्याला तो विनोद कसा वाटला असेल ते उघड आहे. माझ्या मनात दुसराच प्रश्न येतो. आमच्या मेलरूममध्ये कोलंबियाच्या एक बाई आहेत, साठीच्या. तो स्वेटर घालून कोणी त्यांच्याकडे पाकीट द्यायला गेलं असतं, तर त्या हसल्या असत्या. हमखास हसल्या असत्या. तासावर पगार मिळणाऱ्या माणसाला मॅनेजरच्या कपड्यांवर हसावंच लागतं.

आता देवाधर्माचा भाग. इथे माझे अंदाज सपशेल फसतात. आमच्या अंडररायटिंगमध्ये (विमा द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या विभागात) एकजण आहे, मूळचा म्हापशाचा. नाताळ त्याच्या घरी म्हणजे मध्यरात्रीची मिसा, आठवडाभर आधी सुरू झालेल्या नेवऱ्या, दोदोल, आणि थरावर थर चढवलेली बेबिंका, ज्यातला तुकडा मिळावा म्हणून मी त्याची सगळी एक्सेल शीटं दुरुस्त करून देते. वाढदिवसाची टोपी घातलेला येशू आणि ‘बर्थडे बॉय’ अशी अक्षरं, हा स्वेटर इथे फार खपतो. मला वाटलं, हा नक्की दुखावेल. त्याला फोटो दाखवला तर म्हणाला, “अगं, वाढदिवसच ना त्याचा?” आणि त्यानं तो मागवायला घेतला. त्याला राग आला तो दारू पिऊन ओकणारा सांता असलेल्या स्वेटरचा. त्याच्या वडिलांना दारूनं नेलं.

आणि मी, इतकी उदार? डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टच्याच संकेतस्थळावर गणपतीचं चित्र असलेल्या चपला, मोजे आणि अंतर्वस्त्रं विक्रीला आली होती, तेव्हा इथल्या हिंदू अमेरिकन फाउंडेशननं तक्रार केली आणि तो माल हटवला गेला. त्या दिवशी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांत तावातावानं लिहिणाऱ्यांत मी होते. टोपीवाल्या येशूला हसणारी मी आणि मोज्यावरच्या गणपतीनं पेटलेली मीही तीच. यातून काही नियम काढता येतो का, हे मी बराच विचार करून पाहिलं. नाही निघाला. चित्र कुठल्या अवयवावर आहे त्यानं थोडा फरक पडतो, एवढंच.

ऑफिसला मात्र नियम लागतो. आमच्या एचआरनं पाठवलेल्या मेलमध्ये ‘सर्वांचा आदर राखून मजा करा’ एवढं एकच वाक्य होतं आणि खाली नाचणारा पेंग्विन. हे असं बोलून कुणाला काही कळत नाही. दरवर्षीच्या सक्तीच्या प्रशिक्षणात जे शिकवतात ते जास्त उपयोगी आहे: १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली ऑफिसातलं वातावरण छळाचं झालं की नाही हे ठरवताना ‘मी तर गंमत केली’ एवढं सांगून सुटका होत नाही. एका स्वेटरवरून सहसा कोणी कोर्टात जाऊन जिंकत नाही; पण वर्षभराचे शेरे, चेष्टा आणि त्यात हा स्वेटर, असा हिशेब लागतो. आमचं न्यू जर्सी तर यात आणखी कडक. २०२१ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं एका हिस्पॅनिक कर्मचाऱ्याच्या खटल्यात सांगितलं, की वरिष्ठानं फक्त दोन वेळा उच्चारलेले वंशद्वेषी शब्दही ज्युरीला पुरेसे वाटू शकतात. तो मिशावाला सांता बघताना मला हा खटला आठवला. भारतातल्या ऑफिसांतही २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती लागते, आणि पॉर्नोग्राफी दाखवणं आणि लैंगिक स्वरूपाचं कुठलंही नकोसं वागणं, अगदी न बोलता केलेलंही, त्या कायद्यात स्पष्ट येतं. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांतून हल्ली हे स्वेटर घालून सिक्रेट सांता चालतो असं भाची सांगते. तीन रेनडिअर तिकडेही पोचले असतील, तर समितीच्या ताईंना हे वाक्य दाखवा.

आमच्या कमिटीत यावर दोन बैठका झाल्या. लीगलवाल्यानं दारू, धर्म, देश, राजकारण, शरीर, वय अशी यादी करून आणली. ती पाळायची तर लोक साधे लाल स्वेटर घालून आले असते आणि स्पर्धेचं नाव ‘स्वेटर’ एवढंच ठेवावं लागलं असतं. मग मी सुचवलं: स्वेटरवर अक्षरं नकोत. बस, एकच नियम. वाचायला काही नसेल, तर सासू, वजन, ओसीडी सगळं आपोआप गळतं. आणि खरं सांगते, कोपरखळीपेक्षा मला अक्षरांचा राग विणकामाच्या बाजूनं जास्त आहे. स्वेटरवर वाक्य छापून कुरूपता आणणं म्हणजे भाजीत मीठ कमी म्हणून वरून फरसाण टाकणं. रेनडिअर मात्र या नियमातूनही निसटले. त्यांना कुठे काय लिहावं लागतं!

दुसरा बदल जास्त परिणामकारक ठरला, आणि तो मी आमच्या अकाउंट्सच्या बाईंकडून घेतला. आधी विजेता टाळ्यांवर ठरायचा. टाळ्यांत नेहमी तीन रेनडिअर जिंकतात, कारण जो ओरडतो त्याच्याकडे बघून बाकीचे ओरडतात आणि ज्यांना ते नको असतं ते कुकी खात गप्प बसतात. या वेळी बुटाच्या खोक्याला भोक पाडून चिठ्ठ्या टाकायला लावल्या. जिंकल्या त्या मेलरूमच्या कोलंबियाच्या बाई. त्यांनी मुलाच्या जुन्या स्वेटरवर बाटल्यांची झाकणं, पास्त्याची फुलपाखरं, चमचे आणि एक खराखुरा लसूण शिवला होता. चालताना वाजत होत्या. रेनडिअरवाला दुसऱ्या नंबरावरही आला नाही, आणि त्यानं चिठ्ठ्या पुन्हा मोजायला लावल्या. बक्षीस पंचवीस डॉलरचं कॉफीचं कार्ड होतं, हे लक्षात घ्या.

परत माझ्या गाजराकडे. विनोद बाजूला ठेवून वस्तू म्हणून तपासला तर हा स्वेटर ठीकठाक आहे. शंभर टक्के अॅक्रिलिक, पण विणलेला आहे, छापील नाही. आत उलट्या बाजूनं बघितलंत तर रंगाचे धागे आडवे ओढत नेलेले दिसतात. इंटरनेटवर निम्मा माल साध्या पॉलिएस्टरच्या स्वेटशर्टवर विणीचं चित्र छापून ‘स्वेटर’ म्हणून विकतात. फोटो मोठा करून बघा: काठापाशीही टाके उठून न दिसता चित्रासारखे सपाटच दिसत असतील, तर छापील. धागे आत मोकळे असल्यामुळे अंगठी अडकते, सांभाळून घाला. बाह्या माझ्यासारख्या पाच फुटी बाईला बोटांपर्यंत येतात. काखेत दोन तासांत बारीक गोळे आले. दिव्यांची डबी खालच्या घेराच्या आत एका खिशात असते, बटण सेलवर चालते, ती काढल्याशिवाय धुवायचं नाही. आणि ती डबी गरम होत नाही पण बसलं की टोचते. दिवे खरोखर सुंदर आहेत. चांदण्या एकदम न लागता एकामागून एक लागतात. ज्या कोणी ते सर्किट बसवलं, त्यानं मनापासून केलंय, आणि त्याच कामसू माणसाला नंतर गाजराला दिवा लावायला सांगितलं गेलं.

परतीचा नियम: सणाचा माल अंतिम विक्री, पैसे परत नाहीत, फार तर स्टोअर क्रेडिट. ते त्यांनी मुकाट्यानं दिलं, परतीचा डाकखर्च मात्र माझा. क्रेडिट पुढच्या वर्षी याच दिवसांपर्यंत चालतं म्हणजे पुढचा स्वेटरही त्यांचाच. चलाख आहेत.

स्पर्धेला मी शेवटी थ्रिफ्ट स्टोअरमधून (दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून) नऊ डॉलरला घेतलेलं एक पुढून बटणांचं प्रकरण घालून गेले, आणि परीक्षण लिहावं असं खरं तर तेच आहे. नेव्ही निळा रंग, खांद्यात पॅड, पुढे भरतकामाचे टेडी बेअर, प्रत्येकाच्या गळ्यात खरी घुंगरं, बटणांच्या जागी लाकडी रॉकिंग घोडे. पाठीवर, कुणालाही न विचारता, एक घोड्यांची गाडी. आतल्या पट्टीवर लिहिलंय ५५ टक्के रॅमी, ४५ टक्के सुती. रॅमी हे खाजकुयलीच्या नात्यातलं नव्हे, पण अंगाला लागलं की आग करणाऱ्या बिच्छू गवताच्या (नेटलच्या) कुळातलं एक झाड. त्याच्या सालीचा धागा. हे प्रमाण ऐंशीच्या दशकातल्या स्वेटरांवर सारखं दिसतं आणि त्यामागे गंमत आहे. अमेरिकेत येणाऱ्या सुती, लोकरी आणि कृत्रिम धाग्याच्या कपड्यांवर आंतरराष्ट्रीय कराराखाली कोटे होते, रॅमीवर नव्हते. म्हणून आशियातल्या कारखान्यांनी रॅमी निम्म्याहून जास्त घालून स्वेटर पाठवले. १९८६ मध्ये रॅमीलाही कोट्यात घेतलं. म्हणजे ती पट्टी बघून मालाचा जमाना साधारण ओळखता येतो.

पण मला त्यात आवडलं ते वेगळं. २००२ च्या सुमारास कॅनडात व्हँकुव्हरला दोन तरुणांनी असल्या स्वेटरांची पहिली पार्टी केली असं मानतात, तेव्हा त्यांच्यासमोर हाच माल होता: कुणाच्या तरी मावशीनं, शिक्षिकेनं, बँकेतल्या बाईनं हौसेनं घेतलेला, कुणाला हसवायचा इरादा नसलेला. लहानपणी थंडीत नागपुरात तिबेटी लोकांचा स्वेटरबाजार लागायचा, आणि तिथून आई दरवर्षी नवा नमुना डोळ्यांत साठवून घरी येऊन दोन सुयांवर उतरवायची. एकदा तिनं माझ्या पोटावर बदक विणलं, ते सगळ्यांना डुक्कर वाटायचं. व्हँकुव्हरच्या त्या पोरांना ते पहिल्या नंबरचं वाटलं असतं. आज मुद्दाम कुरूप म्हणून कारखान्यात काढलेल्या स्वेटरला असं नकळत चुकताच येत नाही, मग तो गाजराला दिवा लावतो.

थ्रिफ्टच्या स्वेटरला चार तारे. एक कापला कारण डांबरगोळ्यांचा वास दोन धुण्यांनंतरही जात नाही, आणि घुंगरांमुळे फोनवर पलीकडचा विचारतो की तुमच्याकडे कुत्रा आहे का. रॅमीला लवचीकपणा नसतो, हँगरला टांगलात तर गुडघ्यापर्यंत येईल. घडी घालून ठेवा. ड्रायरमध्ये अजिबात नको. आणि असले स्वेटर नोव्हेंबर संपेपर्यंत तीस-चाळीस डॉलरवर जातात, तेव्हा जानेवारीतच घेऊन ठेवा, जेव्हा लोक ते पिशव्या भरभरून दान करतात.